चोरीआधीचे कागद आणि चोरीनंतरचे

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागलं की नीरेच्या काठावर सांगवी लागते. पूल ओलांडला की फलटण तालुका. म्हणजे जिल्हा बदलला, पोलीस अधीक्षकही बदलले. सगळा उसाचा पट्टा. कालव्याच्या पाण्यावर ऊस, उसाच्या भरवशावर कर्ज आणि कर्जावर ट्रॅक्टर, पिकअप, एखादी चारचाकी. या गाड्या उभ्या राहतात गोठ्याशेजारी, रस्त्याकडेला, वस्तीवरच्या पत्र्याखाली. इथून रात्रीत एखादी गाडी गेली तर उजाडायच्या आत ती दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेली असते. पूल ओलांडायला चोराला एकही कागद लागत नाही. सगळे कागद लागतात ते मागे राहिलेल्या मालकाला.

समजा, सांगवीच्या एका शेतकऱ्याची चारचाकी गेली. त्याने पोलिसांत फिर्याद दिली, विमा कंपनीला कळवलं. काही दिवसांनी कंपनीचं पत्र येतं आणि त्यासोबत यादी. क्लेम फॉर्म, पॉलिसीची प्रत, मूळ आरसी, गाडीच्या दोन्ही चाव्या, खरेदीचं बिल, एफआयआरची प्रत, गाडी सापडली नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल, आरटीओला चोरीची खबर दिल्याची पोच, सह्या केलेले २८, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, गाडीवरचे हक्क विमा कंपनीकडे सोपवल्याचं पत्र, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. आता यातलं काय कुठे आहे ते बघा. एफआयआर ठाण्यात. अंतिम अहवाल आधी तपासी अंमलदाराच्या टेबलावर आणि मग न्यायालयात. नोंदणीचा उतारा बारामतीच्या आरटीओत, कारण गाडी एमएच ४२. कर्जाचा हिशेब फायनान्स कंपनीच्या शाखेत. आणि यादी पाठवणारं कार्यालय शंभर किलोमीटरवर, पुण्यात. गाडी नाही, ऊस तुटायला आलाय आणि ही सगळी वारी त्याने एसटीने करायची.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. तिने डोळे मिटून लाखो रुपये द्यावेत असं कुणीच म्हणणार नाही. ते पैसे तिच्या घरचे नसतात, बाकीच्या विमाधारकांच्या हप्त्यांतून जमलेले असतात. म्हणून कागद मागण्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न इतकाच आहे, की कोणता कागद कुणाकडे मागायचा.

माझं म्हणणं असं. चोरीच्या दाव्यातले कागद दोन जातींचे असतात. एक, चोरीआधीचे : गाडीची नोंदणी, ती आपल्या नावावर झालेली असणं, विमा घेताना दिलेली खरी माहिती, लागू असेल तिथे परवाना आणि फिटनेस. दुसरे, चोरीनंतरचे : पोलिसांचा अहवाल, आरटीओचा उतारा, सरकारी संगणकावरची चोरीची नोंद. पहिल्या जातीच्या कागदांचा जाब मालकालाच विचारला पाहिजे, आणि कडकपणे. दुसऱ्या जातीचे कागद मालक तयार करत नाही, सांभाळत नाही आणि लवकर मिळवूही शकत नाही. ते ज्यांच्या कपाटात आहेत त्यांच्याकडून कंपनीने स्वतः मिळवावेत. ही दोन खाती एकत्र केली, की कागदांची यादी हा 'नाही' म्हणण्याचा सभ्य मार्ग होऊन बसते. कंपनीला दावा फेटाळावाही लागत नाही. यादीतला एखादा कागद बाकी ठेवला की पुरतं.

हे नुसतं तर्कट नव्हे, हे दाखवायला सर्वोच्च न्यायालयाचं एकच प्रकरण पुरे आहे. छत्तीसगडमधल्या एका ट्रकमालकाचा ट्रक मार्च २०१३मध्ये रात्रीतून चोरीला गेला. विमा १२ लाखांचा, हप्ता भरलेला. त्याने लगेच फिर्याद दिली, विमा कंपनीला कळवलं, आरटीओलाही कळवलं. कंपनीने नोंदणी प्रमाणपत्राची मूळ किंवा प्रमाणित प्रत मागितली. त्याच्याकडे झेरॉक्स होती, ती त्याने दिली. आरटीओने दिलेला नोंदणीचा तपशीलही दिला. प्रमाणित दुय्यम प्रत मागायला तो आरटीओत गेला तेव्हा उत्तर मिळालं, की चोरीची खबर आल्यामुळे या वाहनाची नोंद संगणकावर लॉक केली आहे, प्रत काढता येणार नाही. कंपनी म्हणाली, प्रत नाही तर पैसे नाहीत. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक मंच अशा तिन्ही पायऱ्या चढूनही त्याच्या पदरात काही पडलं नाही.

'गुरमेल सिंग विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स' या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २० मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने ते निकाली काढलं. विमाधारकाच्या हातात नसलेले कागद मागून कंपनीने दावा अडवला, ती नको इतकी तांत्रिक झाली आणि तिने मनमानी केली, असं न्यायालयाने म्हटलं. १२ लाख रुपये, दाव्याच्या तारखेपासून ७ टक्के व्याज आणि खर्चापोटी २५ हजार रुपये देण्याचा आदेश झाला. ट्रक गेला २०१३मध्ये, न्याय मिळाला २०२२मध्ये. मधली नऊ वर्षं गेली ती एका प्रतीच्या पायी.

या प्रकरणातली एक गोष्ट मला न्यायालयाच्या ताशेऱ्यांहूनही बोलकी वाटते. आरटीओच्या संगणकाने नोंद लॉक केली, ती का? तर सरकारच्या लेखी हे वाहन चोरीला गेलेलं होतं म्हणून. म्हणजे ज्या कुलपामुळे मालकाला प्रत मिळेना, ते कुलूपच त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा होतं. ट्रक कुणाच्या नावावर आहे हे त्याच नोंदीत होतं आणि तो चोरीला गेल्याचंही त्याच नोंदीने सांगितलं होतं. कंपनीने आरटीओला एक पत्र लिहिलं असतं तर दोन्ही गोष्टी तिला घरबसल्या कळल्या असत्या. ते पत्र न लिहिता तिने मालकाला पुन्हा त्याच कुलपाकडे धाडलं.

मूळ आरसीचा आग्रह मुळातच विचित्र आहे. मोटार वाहन कायद्यानुसार पोलिसाने किंवा आरटीओच्या अधिकाऱ्याने मागितली तर आरसी दाखवावी लागते. म्हणून वर्षानुवर्षं माणसं ती गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवत आली. गाडी गेली की खण गेला आणि आरसीही गेली. मग कंपनी विचारते, मूळ आरसी गाडीत का ठेवली? न ठेवावी तर नाक्यावरचा पोलीस विचारणार, आरसी कुठे आहे? २०१८मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन मोबाइलवरची डिजिलॉकरमधली प्रत चालू लागली तेव्हा रस्त्यावरची कटकट मिटली. नाक्यावरच्या हवालदाराला मोबाइलवरची आरसी पटते. विमा कंपनीच्या दावा विभागाला ती का पटू नये, याचं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

त्याच कंपनीकडून पॉलिसी घेताना काय होतं ते आठवून बघा. एजंट मोबाइलवर गाडीचा नंबर टाकतो आणि मेक, मॉडेल, नोंदणीची तारीख आपोआप पुढे येते. पैसे ऑनलाइन जातात, दहा मिनिटांत पॉलिसी हातात पडते. तेव्हा कुणी मूळ आरसी बघत नाही, दुसरी चावी आहे का असं विचारत नाही. विकताना गाडीचा नंबर पुरतो. द्यायची वेळ आली की मूळ प्रत लागते. एकाच कारभारात पैसे घेण्याची खिडकी संगणकाच्या युगातली आणि पैसे देण्याची खिडकी दौत-टाकाच्या जमान्यातली.

आता पोलिसांच्या अहवालाकडे येऊ. दाव्याचं खरं घोडं अडतं ते इथे. महाराष्ट्रात तपास संपल्यावर गुन्हेगार सापडला नसेल तर पोलीस न्यायालयात समरी पाठवतात. गुन्हा खरा, पण छडा लागला नाही, तर 'अ' समरी. फिर्यादच खोटी निघाली तर 'ब'. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून फिर्याद झाली असेल तर 'क'. वाहनचोरीत कंपनीला हवी असते ती 'अ' समरी, तीही दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली. मागणी गैर नाही. फिर्याद खरी होती असं पोलिसांनी लिहून देणं, हे कंपनीच्या दृष्टीने मोलाचं आहे.

पण ही समरी लिहायची कुणी? ज्या ठाण्यात यात्रेचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, अपघात, मारामाऱ्या आणि बांधाची भांडणं रोजची, त्या ठाण्यातल्या एका अंमलदाराने. त्याच्या दृष्टीने एका चारचाकीची 'अ' समरी हे शेवटचं काम असतं, कारण त्यात ना आरोपी ना मुद्देमाल. शिवाय तपास बंद केला अशी नोंद करायला कुणाचाही हात कचरतो. म्हणून फिर्यादी ठाण्यात चकरा मारतो, ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोन करवतो, 'साहेब, तेवढी समरी पाठवा' म्हणून हात जोडतो. आपली गाडी सापडली नाही, हे लवकर लिहून द्या अशी विनवणी चोरीला गेलेल्या गाडीच्या मालकानेच करायची! तपास चालू राहावा ही त्याची गरज, आणि तो बंद झाल्याचं लिहून मिळावं हीही त्याचीच गरज. ही कोंडी त्याने केलेली नाही. ती त्याच्या गळ्यात पडली आहे.

इतके महिने कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. गाडी नाही, पण ईएमआय आहे. आणि विम्याचे पैसे आले तरी आधी फायनान्स कंपनीची बाकी वळती होते, उरलं तर मालकाला. त्यात गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, वयाबरोबर उतरत गेलेली. सहा महिने ते वर्षभराच्या गाडीला १५ टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. आधीच अर्ध्यावर आलेली रक्कम, तीही वर्षभराने हातात आली, तर त्या विम्याने नक्की कोणतं नुकसान भरून काढलं?

उशीर मालकाने केला म्हणून दावे फेटाळायची पद्धत तर फार जुनी. पॉलिसीची पहिली अट सांगते, की घटना घडताच कंपनीला लेखी कळवा. पण गाडी गेल्यावर पोलिसांच्या मागे धावणाऱ्या माणसाला विमा कंपनी आठवते ती आठ-पंधरा दिवसांनी. त्याच अटीच्या पुढच्या भागात, चोरी झाली तर पोलिसांना तत्काळ खबर द्या, असं वेगळं सांगितलेलं आहे. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 'गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स' या प्रकरणात हाच भाग उचलून धरला. प्रकरण ट्रॅक्टरचं होतं. चोरीच्या दिवशीच फिर्याद दिलेली, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलेलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. अमरावतीचे, पुढे सरन्यायाधीश झाले. पोलिसांत लगेच फिर्याद झाली असेल तर चोरी खरी की बनाव हे तपासायची यंत्रणा कामाला लागलेलीच असते, मग कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावर खरा दावा बुडवता येणार नाही, असा त्याचा रोख. याच वाटेने फेब्रुवारी २०२२मध्ये 'जैना कन्स्ट्रक्शन'च्या ट्रकचा दावा मान्य झाला. तिथे कंपनीला कळवायला पाच महिने लागले होते.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाने हा ट्रॅक्टरचा निकाल ध्यानात ठेवावा. गाडी गेल्याचं कळताच पहिली धाव ठाण्याकडे घ्यायची. कंपनीला त्याच दिवशी मेसेज किंवा फोन केला तर उत्तम. तो राहिला म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, आणि ठाण्यात जायला उशीर केला तर मात्र या निकालाची ढाल हाती राहत नाही.

आता दुसरं खातं, चोरीआधीच्या कागदांचं. इथे मी मालकाच्या बाजूने बोलणार नाही. 'युनायटेड इंडिया विरुद्ध सुशीलकुमार गोदारा' या २०२१च्या प्रकरणात बोलेरो जोधपूरला एका गेस्ट हाउसबाहेर उभी होती, रात्रीत गेली. फिर्याद झाली, गाडी सापडली नाही असा पोलिसांचा अहवालही आला. पण गाडीची तात्पुरती नोंदणी चोरीच्या काही दिवस आधीच संपली होती आणि कायम नोंदणी केलेली नव्हती. न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या पीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर काढणं हाच कराराचा मूलभूत भंग ठरला. चोरीनंतरचे सगळे कागद हजर होते. चोरीआधीचा एक नव्हता. तेवढ्यावर दावा गेला, आणि माझ्या मते योग्यच गेला.

आपल्याकडे हा दोष वेगळ्या रूपात घरोघरी आहे. पाहुण्याकडून, ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली जाते, पैसे दिले जातात, सही केलेले टीटी फॉर्म खिशात येतात आणि 'नावावर करू सावकाश' म्हणून ते कपाटात पडतात. दोन दिवाळ्या उलटतात. विमा जुन्या मालकाच्या नावावर, आरसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी मात्र नव्याच्या अंगणात. गाडी गेली की कंपनी विचारते, तुमचा संबंध काय? 'कम्प्लीट इन्सुलेशन्स' या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की तिसऱ्या पक्षाच्या जोखमीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. तो कंपनीला सांगून बदलून घ्यावा लागतो. टॅरिफच्या नियमाने त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. विश्वासावर व्यवहार करणं हा आपल्या गावांचा चांगुलपणा खरा, पण तो विश्वास पाहुण्यावर होता. विमा कंपनी त्यात पक्षकार नव्हती, आणि तिला त्याची झळ बसावी असं कुठल्याही न्यायात बसत नाही.

दोन्ही खात्यांच्या मध्ये एक तिसरी पट्टी आहे, ती सोडता कामा नये. मालकाकडून अटीचा भंग झाला, पण त्या भंगाचा चोरीशी काही संबंध नाही. खासगी वापराची गाडी भाड्याने चालवली; घरच्या शेतीसाठी म्हणून घेतलेल्या ट्रॅक्टरने दुसऱ्याचा ऊस ओढला. 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल' या २००८च्या निकालात खासगी गाडी टॅक्सीसारखी वापरल्याचा कंपनीचा आक्षेप होता. गाडीच चोरीला गेल्यावर असा भंग हा सगळा दावा बुडवायला पुरेसा नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम केला. चूक झाली, तिची किंमत चौथा हिस्सा. चूक जेवढी तेवढीच शिक्षा, हे तत्त्व दाव्याच्या टेबलावर रुजलं तर निम्मे खटले उभेच राहणार नाहीत.

या सगळ्यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं : बनवाबनवी फार चालते. चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाडी परराज्यात विकायची, सुटे भाग करून भंगारात घालायची आणि इकडे चोरीची फिर्याद द्यायची, असे प्रकार पोलिसांनीच उघडकीला आणलेले आहेत. पण कागदांची यादी लांबवल्याने यातला एकही बनाव पकडला जातो का? ठरवून चोरीचा बनाव करणाऱ्याची फाइल सर्वांत नीटनेटकी असते. त्याने मूळ आरसी आधीच काढून ठेवलेली असते, दोन्ही चाव्या जपलेल्या असतात, बिलाची प्रत लॅमिनेट केलेली असते. ज्याची गाडी खरोखर अचानक गेली, त्याची आरसी गाडीत, दुसरी चावी मुलाने कुठे हरवलेली आणि बिल उंदराने खाल्लेलं. कागदांच्या चाळणीतून चोर खाली पडतो आणि साव वर अडकतो. बनाव पकडायचा असेल तर माणूस पाठवावा लागतो. शेजाऱ्यांशी बोलावं लागतं, टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या नोंदी, पेट्रोल पंपावरचे कॅमेरे, फोनचे तपशील पोलिसांमार्फत बघावे लागतात. त्याला खर्च येतो, वेळ जातो. यादी पाठवायला पोस्टाचाही खर्च येत नाही. यादी लांबते ती म्हणून.

विम्याच्या कायद्यात परम सद्भावाचं तत्त्व सांगितलं जातं : विमा घेणाऱ्याने काही लपवू नये. कंपन्यांच्या नकारपत्रांत ते हटकून असतं. ते ज्या खटल्यातून आलं तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. १७६६ सालचा, इंग्लंडमधला 'कार्टर विरुद्ध बोम' हा तो खटला. सुमात्रातल्या ब्रिटिश किल्ल्याचा विमा त्याच्या गव्हर्नराने लंडनमध्ये उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला तेव्हा विमा करणारा म्हणाला, किल्ला कमजोर आहे हे मला सांगितलं नव्हतं. सद्भाव दोन्ही बाजूंना बांधतो, असं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितलं आणि निकाल विमा घेणाऱ्याच्या बाजूने दिला. कारण, विमा करणाऱ्याला जे स्वतःहून ठाऊक असतं किंवा ठाऊक असायला हवं, ते त्याला सांगण्याची जबाबदारी विमाधारकावर नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा न्याय आज आरटीओच्या संगणकाला चपखल बसतो. गाडी कुणाची, तिचा चासी नंबर काय, चोरीची नोंद झाली का, हे कंपनी स्वतः बघू शकते. मग ते सांगणारा कागद आणण्याची सक्ती मालकावर कशी?

सद्भावाची दुसरी बाजू मालकासाठी आहे. यादीतली एखादी त्रुटी भरून काढायला गावात सल्ले फुकट मिळतात : 'दुसरी चावी हरवली म्हणू नको, गाडीतच होती म्हण', 'तारीख जरा आधीची टाक'. हे करू नये. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये एका मालवाहू जहाजाच्या खटल्यात, खऱ्या दाव्याला जोडलेली आणि निकालाला काहीच फरक न पडणारी थाप दावा बुडवत नाही, असा निवाडा दिला. तो दिलासा तिथला आहे. आपल्याकडच्या जबाबात केलेली लहानशी फिरवाफिरव तपासनीसाच्या हाती सापडली, की खरा दावाही संशयित होतो आणि मग कागदांच्या यादीला नैतिक बळ मिळतं. दुसरी चावी हरवली असेल तर हरवली म्हणून लिहून द्यावं आणि कधी, कशी ते सांगावं.

कंपनीच्या यादीतले काही कागद मात्र खरोखर मालकाकडूनच यायला हवेत, हे समजून घ्यावं. पैसे दिल्यावर गाडीवरचा हक्क कंपनीकडे जातो. उद्या गाडी नागपूरला सापडली तर ती ताब्यात घ्यायला आणि विकायला तिला २८, २९, ३० नंबरचे सही केलेले फॉर्म आणि हक्क सोपवल्याचं पत्र लागतं. ते नाही दिलं तर गाडी सापडल्यावर मालकाला दोन्हीकडून फायदा होईल. सही, चावी, जबाब आणि हमीपत्र, ही मालकाची देणी. ती त्याने एका फेरीत द्यावीत आणि पोच घ्यावी. त्यापुढचा कागदांचा प्रवास कंपनीचा.

नियामकाने या दिशेने पाऊल टाकलं आहे. आयआरडीएआयने ११ जून २०२४च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं, की कागदपत्रं नाहीत म्हणून कोणताही दावा फेटाळायचा नाही. लागणारे कागद विमा देतानाच मागून घ्यायचे. आणि दाव्याच्या वेळी फक्त आवश्यक आणि दाव्याशी थेट संबंध असलेलेच मागायचे. उदाहरणांत एफआयआर आणि गाडी सापडली नसल्याचा अहवालही आहे. म्हणजे 'अ' समरी मागता येते. पण ती मिळेपर्यंत दावा कितीही काळ टांगणीला ठेवता येतो का, यावर परिपत्रक मालकाला पुरेसं हत्यार देत नाही. फेटाळायचं नाही आणि द्यायचंही नाही, अशी त्रिशंकू अवस्था त्यातून उरते. नकार मिळाला तर दाद मागता येते. 'प्रलंबित' या शेऱ्याविरुद्ध कुठे जाणार?

म्हणून नियम आणखी एक पायरी पुढे गेला पाहिजे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३व्या कलमाने पोलिसांवर ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवण्याचं बंधन घातलं आहे, मोबाइलवरून कळवलं तरी चालतं. ९० दिवसांनी गाडी सापडलेली नाही असं पोलिसांनी कळवलं, आरटीओच्या नोंदीत चोरीचा शेरा आहे आणि कंपनीच्या तपासनीसाला बनावाचा पुरावा मिळालेला नाही, या तीन गोष्टी जमल्या की हमीपत्रावर पैसे द्यावेत. 'अ' समरी मागाहून कंपनीने स्वतः न्यायालयातून घ्यावी. तिच्याकडे वकील आहेत, पुण्यात कार्यालय आहे. सांगवीच्या माणसाकडे एसटीचा पास आहे. पुढे 'ब' समरी आली, म्हणजे फिर्यादच खोटी निघाली, तर हमीपत्राच्या जोरावर कंपनीने पैसे वसूल करावेत आणि फौजदारीही करावी. अशा धाकाने बनाव करणाऱ्याला जितकी जरब बसेल तितकी दहा झेरॉक्स प्रतींनी बसणार नाही.

हा नियम येईपर्यंत हातात जे आहे ते वापरायला हवं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. नाही तर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत. आयोगाची पायरी भरलेल्या हप्त्यावरून ठरते, दाव्याच्या रकमेवरून नव्हे. त्यामुळे गाडीची बहुतेक प्रकरणं जिल्हा आयोगातच बसतात आणि पाच लाखांपर्यंतच्या हप्त्याला शुल्कही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणत आलो. कंपन्यांचा सगळा भरवसा या म्हणीवरच आहे.

आणि तक्रारीत एकच प्रश्न ठळक लिहावा : मी न दिलेला हा कागद कोण तयार करतं, तो आज कुणाकडे आहे आणि तो मिळवायला तुम्ही स्वतः काय केलंत? गाडी आपल्या नावावर असेल, नोंदणी जिवंत असेल, फिर्याद वेळेत दिली असेल आणि जबाब खरा असेल, तर या प्रश्नाचं उत्तर देण्याची पाळी कंपनीची आहे. यातलं एक जरी कच्चं असेल तर प्रश्न विचारायचा हक्क आपण गाडी चोरीला जाण्याआधीच गमावलेला असतो. तेव्हा कपाटात पडलेले टीटी फॉर्म याच महिन्यात आरटीओत नेऊन भरावेत.